पंचनाम्यापुरतं उघडलेलं फाटक

सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून सही करायची म्हटलं की माझ्या हाताला घाम फुटतो.

मी नांदेडकडचा. रानशेतच्या पुढं एका चिकूवाडीत रखवालीला लागलो. शेठनं ओळखपाळख नसताना खोली दिली, काविळीत स्वतःच्या गाडीनं डहाणूला दवाखान्यात नेलं. ते उपकार मी आजही विसरलो नाही.

वाडीतून मागच्या पाड्याची जुनी वाट जायची. शेठनं तिथं लोखंडी फाटक ठोकलं. पाड्यावरची एक मावशी कोर्टात गेली, ती थेट वरच्या कोर्टापर्यंत जिंकली. निकाल कायम झाला: वाट मोकळी ठेवा, अडवली तर कैद.

वाट मोकळी आहे का ते बघायला कोर्टाचा बेलिफ यायचा होता, त्या सकाळी शेठनं मला फाटक सताड उघडायला लावलं. बेलिफानं बोटं चाटत चिकू खाल्ले आणि ‘वाट मोकळी आढळली’ असं लिहिलं. पंच दोघं, शेठचा ड्रायव्हर आणि मी; घामेजल्या हातानं मीही खाली सही केली. बेलिफाची जीप वळली न वळली तोच शेठ म्हणाले, "लाव कुलूप."

"शेठ, कोर्टानं जेल सांगितलीय ना?"

"किल्ली कोणाच्या खिशात आहे?" माझ्या खिशाकडं बघून ते हसले.

मी कुलूप लावलं.

दुपारी मावशी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आली. कुलूप बघून म्हणाली, "काय रे भाऊ, कोर्ट जेवायला गेला काय?"

मी किल्ली खिशात आणखी खोल सारली.

"पंचनाम्यावर सही तुझीच ना? मग जेलात तूच जाशील. भाकर आणीन मी, लांबच्या वाटेनं." आणि पाटी सावरत ती ओहोळाकडून वळसा घालून गेली.

तिनं पुन्हा अर्ज केला. तारखेला शेठचा वकील खुशाल म्हणाला, "कुलूप रखवालदारानं परस्पर लावलं." शेठ मान डोलवत होते. काविळीत माझ्या उशाशी बसलेला तोच माणूस. मला त्यांची किळस आली, त्याहून जास्त माझी. मी उभा राहिलो, किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि कोणाच्या हुकमानं काय केलं ते सगळं सांगितलं.

शेठना कैद सुनावली. ऐकताच त्यांच्या छातीत कळ आली. जेलच्या आधी दवाखान्यातली खोली मिळाली, तीही एसीची.

माझी खोली गेली. बोचकं घेऊन वाणगाव स्टेशनला निघालो, तेव्हा फाटक निघालेलं होतं. मावशी त्याच वाटेनं आली, हातात फडक्यात बांधलेली भाकर.

"घे. जवळच्या वाटेनं आणलीय."

गाडीत ती उघडली, पण पहिला घास हातातच राहिला. ‘वाट मोकळी आढळली’ याखालची माझी ती सही अजून कोर्टाच्या फायलीत आहे.