हव म्हणणारं खोकं

विश्वास गेल्याची बातमी मला सिलतऱ्याहून कळली. सकाळी तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला गेला आणि बाकावर बसल्या बसल्याच... वर्षानुवर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा मी, आणि मला फोन आला तो तिथल्या स्टील प्लांटमधल्या भट्टीच्या ऑपरेटरचा. "दादा, भैया नहीं रहे. आपको पता है ना?" मी "हां" म्हणालो. डोळे भरून यायच्या आधी मनात आलं, याला माझ्या आधी कसं कळलं?

मी विश्वासवर जळायचो, हे आता लपवून काय करू! भट्टीचं तापमान दाखवणारं खोकं आमची छोटी कंपनी बनवते. त्याच्या पोटातल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मी लिहिला. कुठलं काम आधी, कुठलं मागून, मेमरी कुणाला किती, सगळं माझं. विश्वासचं काय, तर पडद्यावर अक्षरं उमटवणारं एक फंक्शन. कर्नलमध्ये आयतं काही मिळत नाही. साधा आकडा छापायचा तरी तो कसा छापायचा हे आपणच लिहावं लागतं. आधी तेही मीच लिहिलं होतं, माझ्या स्वतःच्या खुणांनी. आकडा हवा तिथे डॉलरचं चिन्ह, शब्द हवा तिथे आणखी काही. नवा माणूस आला की त्या खुणा शिकायला माझ्या टेबलाशी यायचा, आणि मला ते फार आवडायचं.

विश्वास आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "भाऊ, सारी दुनिया आकड्यासाठी परसेंट-डी लिहिते. आपल्याच खोक्याले अलग भाषा काहून शिकवून राहिला तू?"

"चालून तर राहिलं ना?"

"हव," तो म्हणाला. छत्तीसगढीतलं हे 'हो' त्याच्या तोंडी कायम असायचं, मनात 'नाही' असलं तरी.

मग एका भट्टीच्या पडद्यावर तापमान उणे दिसायला लागलं. आत लोखंड वितळतंय आणि खोकं म्हणतंय, बर्फ! मी सेन्सरवर खापर फोडलं. सेन्सर बदलला, तरी उणेच. शेवटी विश्वासनं शोधलं. आकडा मोठा होता आणि माझी खूण त्याचा अर्धाच भाग वाचत होती, म्हणून तो उणे दिसत होता. जगात चालणाऱ्या प्रमाण खुणा असत्या, तर कोड तपासणाऱ्या कंपायलरनं आधीच हटकलं असतं. माझ्या खुणा त्याला कळतच नव्हत्या.

त्यानं प्रमाण खुणा समजणारं नवं फंक्शन लिहिलं आणि सगळ्या फायलींतल्या माझ्या खुणा बदलल्या. कंपायलर चालवला तर इशाऱ्यांची ही रांग, आणि बहुतेक माझ्याच फायलींतले. तेवढ्यात साहेब येताना दिसले. विश्वासनं स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवला आणि त्यांना भलतंच काहीतरी विचारत बसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हुशारी त्याची होती, ठीक आहे. मनाचा मोठेपणाही त्यानंच घ्यावा?

चौबे कॉलोनीतल्या शोकसभेत तोच ऑपरेटर बोलायला उभा राहिला. "डब्बे में तो भैया ही बोलते थे," म्हणाला आणि रडायला लागला. मी मागच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात भांडत होतो, अरे, पण डब्बा चालवतो कोण? शेजारी बघितलं. 'हव' म्हणणारं कुणी नव्हतं... मग मलाही रडू आवरेना.

चाचणीचं खोकं अजून त्याच्या टेबलावर आहे. सुरू केलं की सगळ्यात आधी त्यानं टाकलेली ओळ येते, रोमन अक्षरांत 'हव'. परवा साहेब म्हणाले, ते काढून कंपनीचं नाव टाक. मी फाइल उघडली, ती ओळ बघत बसलो आणि फाइल तशीच बंद केली. "राहू द्या साहेब," म्हणालो.

आता रोज सकाळी बटण मीच दाबतो. आत चालतं ते सगळं माझं आहे. चालतंय हे मात्र अजूनही तोच सांगतो.