पट्ट्यांचा पुठ्ठा
मुलांनो, काल कपाट आवरताना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक पुठ्ठा सापडला आणि त्याला अजून लाकडी भुशाचा वास आहे, म्हणून आजच लिहिते. तुमची आई तेव्हा नाशिकच्या कॉलेजात पांढऱ्या उंदरांना शिकवत होती: पट्ट्यांच्या दारामागे खाऊ, कोऱ्या दारामागे काही नाही. शिकताना मेंदूचा कोणता भाग जास्त साखर वापरतो, हे शेवटी मेंदू कापूनच कळणार होतं. मी डबा द्यायला जाई, तेव्हा एक उंदीर सारखा जाळीला नाक लावून बसे आणि माझा पाय निघत नसे. उपाशीपोटी कोण शिकतं, म्हणून मी त्याला रोज गुपचूप चार शेंगदाणे देई. तो दारांकडे ढुंकूनही बघेना. "मावशी, तुमचा लाडका नापास व्हनार! दानं खाऊन लय माजलाय," पिंजरे धुणारी हरसूलची बाई हसत म्हणाली, आणि तुमच्या आईचा चेहरा उतरला. "आई, भूक असली तरच तो शिकतो गं! माझे तीन आठवडे गेले." तिने त्याला प्रयोगातून काढलं. बाकीच्यांना कापायचं होतं त्या दिवशी मी घरात नुसती आत-बाहेर करत होते. संध्याकाळी ती त्याला टोपलीत घालून घेऊन आली, खाली त्याच्या दारावरचा पट्ट्यांचा पुठ्ठा अंथरलेला. तो आपल्याकडे दीड वर्ष जगला. आता हा पुठ्ठा उरलाय, एक कोपरा त्याने कुरतडलेला.