कापसावरून मोजलेला सूर्य

तेव्हा मी पस्तिशीची होते आणि गावात एकटीच बी.एस्सी. म्हणजे दुसऱ्या वर्षात नापास झालेली. पण ते कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. अमरावतीच्या कॉलेजातून नांदगाव खंडेश्वरकडच्या सासरी आले ती नुसता तोरा घेऊन.

पेपरात वाचलं, जानेवारीत सूर्य जवळ असतो म्हणून किंचित मोठा दिसतो, जुलैत किंचित लहान. म्हटलं, मोजू. मागच्या खोलीच्या पत्र्याला खिळ्याचं भोक होतंच. त्यातून पडणारा उजेडाचा गोल म्हणजे सूर्याचंच चित्र. संक्रांतीला पाटावर कॅलेंडरचं पान ठेवून गोलाभोवती पेन्सिल फिरवली. जुलैत त्याच पानावर पुन्हा फिरवली, तर नव्या वर्तुळानं जुनं अख्खं गिळलं. सूर्य दुपटीहून मोठा झालेला.

शहाण्या बाईनं स्वतःवर शंका घेतली असती. मी पेपरवाल्यावर घेतली. नापिकीची वर्षं ती. त्या साली पहिली पेरणी करपून गेलेली. मी गावभर सांगत सुटले, सूर्य वाढून राहिला, आता कसला पाऊस.

शेजारच्या चाचींनी ते मनावर घेतलं. त्यांच्याकडे सरकीची एकच थैली उरली होती. आदल्या दिवशी सर येऊन माती भिजलेली. पेरावं तर आजच, आणि हेही जळालं तर वर्ष गेलं. शिकलेल्या बाईला विचारावं म्हणून भर दुपारी घरी आल्या.

मी पाट मांडून पुरावा दाखवला. चाचींनी पान पाहिलं, पत्रा पाहिला, मग पाटच उचलून छातीपर्यंत नेला. गोल आकसला. पाट वर जाईल तसा लहान होत गेला.

"बहू, संक्रांतीले इथं काय होतं?"

कापूस होता. चांगला भाव मिळायची वाट पाहत खोलीभर रचलेला. मी त्या गंजीवर चढून, पत्र्याला डोकं आपटत सूर्य मोजला होता.

"मंग पेरू का नको?"

"मले नाही माईत, चाची."

सहा महिन्यांच्या संशोधनातला तेवढाच निष्कर्ष पक्का होता.

चाचींनी पाट खाली ठेवला. मग पदर खोचून म्हणाल्या, "चाल. सरकी तं टाकता येते ना तुले?"

दिवस मावळेपर्यंत टाकली. अर्ध्याहून जास्त उगवली. वाकड्या ओळी कुणाच्या, हे वाटेनं जाणाऱ्यालाही कळत होतं.