तो पुढच्या जटक्यात आहे

आमच्या घराण्यात प्रत्येक लग्नात एक किस्सा होतो. सुट्टीत बेंगळूरला आलेला आतेभाऊ थिएटरपाशी हरवला, कारण माझ्या थोरल्या बहिणीचं लक्ष नव्हतं. सांगतो तो आतेभाऊच. लोक पोट धरून हसतात आणि अक्का कॉफीचं बघायला आत जाते. किस्सा खोटा आहे. त्याला मी मुद्दाम मागे सोडलं होतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मे महिन्यात आत्या त्याला घेऊन पुण्याहून आमच्या बसवनगुडीच्या घरी आली. मी बारा वर्षांचा, तो नऊचा. आम्ही कित्येक पिढ्या इकडचे. आमच्या मराठीत कानडी मुरलेलं. एकदा पंगतीत आईनं विचारलं, "स्वल्प सारू वाढू का?" त्यानं तिची हुबेहूब नक्कल केली आणि वर म्हणाला, "मामी, तुम्ही मराठी बोलता की इडली चावता?" वडीलसुद्धा हसले. त्या दिवसापासून आई आत्यासमोर न बोलता वाढू लागली. हे मी सोडणार नव्हतो.

त्याच आठवड्यात आम्ही सगळे पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, थिएटरात दुपारच्या खेळाला गेलो. सिनेमा विनोदी होता. थंड हवेच्या ठिकाणी निघालेल्या कुटुंबाचं पोरगं स्टेशनावरच राहतं, कारण आईला वाटतं ते बापाजवळ आहे, बापाला वाटतं आईजवळ. सगळं थिएटर हसत होतं. मी शिकत होतो.

बाहेर वडिलांनी दोन जटके ठरवले, म्हणजे आमच्याकडचे टांगे. मी त्याला सांगितलं, मागच्या दारापाशी सिनेमाच्या गाण्यांची पुस्तकं फुकट वाटतायत. तो पळाला. पुढच्या जटक्यात वडील आणि आत्या बसले होते, त्यांना म्हणालो, "तो अक्काजवळ बसलाय." मागच्यात अक्का चढली होती, आई अजून यायची होती. अक्कानं विचारलं, "तो कुठाय रे?"

"पुढच्या जटक्यात. आत्याच्या मांडीवर."

घोडे निघाले.

घरी उतरल्यावर आत्यानं आकांत मांडला. वडील अक्काकडे वळले. ती म्हणाली, "हाच म्हणाला, पुढे आहे म्हणून."

"मी कुठं?" मी म्हणालो. "तिनंच मला पाठवलं. तो माझ्याजवळ आहे असं सांग, म्हणाली."

वडिलांचा माझ्यावर विश्वास बसला.

ते त्याच जटक्यानं परत जाऊन त्याला घेऊन आले. डोअरकीपरनं त्याला स्टुलावर बसवून ठेवलं होतं. त्याचं शुद्ध मराठी तिथं कुणाला कळलं नव्हतं आणि त्याची चड्डी ओली झाली होती. आई ती बदलत होती तेव्हा मी दारात उभा राहून डोळे भरून पाहिलं. ऐंशीच्या घरात आलो, तरी ते आठवलं की मला बरं वाटतं. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो अक्काचा. ती नुकतीच चांगल्या मार्कांनी एस.एस.एल.सी. झाली होती. आत्याकडे पुण्यात राहणार असेल तरच कॉलेज, ही वडिलांची अट. तिची ट्रंक भरून तयार होती. दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "जिला एक पोर सांभाळता येत नाही, तिला मी कुठल्या भरवशावर घरात नेऊ?" आणि तिला न घेता गेली. वर्षभरात अक्काचं लग्न के. आर. पुरमच्या घरात लावून दिलं. मी तोंड उघडलं नाही. आधी माराच्या भीतीनं, मग सवयीनं.

गेल्या महिन्यात तिला सगळं सांगितलं.

"तू खोटं बोललास हे मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. "मी तिथंच होते ना. पण तू चुकलास आणि भ्यालास, असं मी समजून चालले होते. मुद्दाम केलंस?"

"हो."

"कशासाठी?"

"आईसाठी."

"आईसाठी त्याला सोडलंस. आणि मला कुणासाठी?"

तिनं क्षमा केलेली नाही आणि मी मागितलेली नाही. इथवर लिहिलेलं काल तिला वाचून दाखवलं.

"सरी, बरं," ती म्हणाली, "आता सगळ्यांना पाठव. आधी त्याला."