उचकीत बातमी नसते

प्रेमभंगानं जेवण सोडलेली माणसं जगात ढिगानं असतील, पण गणित सुटलं म्हणून जेवण सोडलेला माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. आरमोरीच्या कॉलेजात तो फिजिक्स शिकवायचा. सायकल चालवता चालवता भर रस्त्यात एक पाय टेकवून विचार करत उभा राहायचा. मागून धानाची बैलबंडी आली की बंडीवालाच बिचारा वळसा घालून जायचा. चहात बिस्कीट बुडवून ते विरघळेपर्यंत बोलायचा आणि मग बिस्कीट कुठं गेलं म्हणून माझ्याकडं संशयानं बघायचा. अंधश्रद्धेचा असा वैरी, की मांजर आडवं गेलं तर सायकल वळवून त्याच मांजराला पुन्हा आडवा जायचा. आमच्या सासूबाईंशी तर त्याचं उचकीवरून कायमचं वाजलेलं. बाईंना उचकी लागली की त्या एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायच्या. ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली, हे ठरलेलं. ''बाई, उचकी पोटाचा पडदा आखडला का लागते,'' हा ओरडायचा. ''उचकीत बातमी नसते!'' बाई सुपातलं धान पाखडत म्हणायच्या, ''तुमच्या पडद्याले माणसं वळखू येत नसन, जवाईबापू. माह्या पडद्याले येते.''

त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी सुमन, नर्स होती. नेमणूक भामरागडच्याही पलीकडं, जंगलातल्या दवाखान्यात. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, पण जिल्हा नवा झाला म्हणून नद्या थोड्याच सुधारतात? पर्लकोटा नदी चढली की पलीकडची गावं जगातून वजा व्हायची, ती पाणी उतरेपर्यंत. त्या वर्षी सुमनला दिवस गेले होते. आम्ही सगळ्यांनी अडवलं. ''पावसाळ्यातच तं तिथी मलेरियानं माणसं मरते, मी रजा कशी घेऊ?'' म्हणाली आणि मिरगाच्या आधीच निघून गेली. पोळ्याला येते म्हणाली होती. मग नदी चढली आणि बसली तशीच चढून.

फोन माझ्या राईस मिलमध्ये होता. फोन कसला, काळा डबाच तो! साडू रोज संध्याकाळी यायचा, रिसीव्हर उचलून कानाला लावायचा, भामरागडची लाईन बंदच असायची, परत ठेवायचा आणि कोंड्याच्या पोत्यावर जाऊन बसायचा. एवढा बडबड्या माणूस गप्प बसलेला मला बघवत नसे, पण मी तरी काय करणार होतो?

अशात एक दिवस तो मिलमध्ये धावतच आला. कॉलेजात आलेल्या कुठल्याशा जुन्या मासिकात त्यानं पॅरिसच्या एका प्रयोगाची बातमी वाचली होती. ''साडभाऊ, समजा दोन कवड्या हायेत. अशा गुंतलेल्या, का एक इथी फेकली न् एक भामरागडले फेकली, तं दोन्ही सारख्याच पडते. इथी चीत तं तिथी चीत. तेही एकदम, उजेड पोचायच्याही आधी!'' मी म्हटलं, आधीच ठरवून धाडलं असेल त्यांना. ''नाई ना! तेच तं त्या प्रयोगानं खोडलं. आधी काहीच ठरलं नसते!'' त्याचे डोळे असे चमकत होते, की मिलमधले हमालही पोती टाकून ऐकायला आले. सुमन बरी असली तर तिकडं चीत, नसली तर पट, आणि इथं त्याच क्षणी कळणार. नदी कितीही चढो! आठवडाभर हा माणूस गाणी म्हणत सायकल चालवत होता.

मग गणित सुटलं. मिलमध्ये आला तो पोत्यावरसुद्धा बसला नाही, खाली कोंड्यातच बसला. ''नाई येत निरोप, साडभाऊ. कवडी कशी पडन, ते फेकणाऱ्याच्या हातात नाई. तिनं कितीही ठरवलं, तरी तिले चीत पाडता येत नाई. मले इथी चीत दिसलं तं मी काय समजू? न् दोन्ही जुळल्या होत्या हे कधी कळन? ती आल्यावर. म्हणजे तेही एस.टी.नंच!''

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अरे, पॅरिसवाल्यांना नाही जमलं ते तुला आरमोरीत जमणार होतं का? ''जमलं नाई असं नाई,'' तो म्हणाला. ''जमूच शकत नाई. फरक हाय.'' त्या फरकापायी त्यानं अन्न टाकलं. गालफडं बसली. वर्गात पोरांपुढं खडू घेऊन नुसता उभा राहायचा.

पोळ्याला मी त्याला ओढतच घरी आणलं. बैलांच्या शिंगांना रंग, दाराला तोरण, पोरांचा गोंगाट, त्या सगळ्यानं त्याला काय झालं कोण जाणे, पण तो जेवला. बाई वाढत गेल्या आणि तो पुरणपोळ्या खात गेला. बाईंनी विचारलं, ''सुमी आठवण काढत असन आज. उचकी लागली का?'' ''एक नाई!'' तो हात वर करून म्हणाला, ''पाहा, तुमचं शास्त्र हारलं!'' आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आम्हीही हसलो. त्या दिवशी आम्हाला फार बरं वाटलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला पाणी उतरलं आणि सुमन आली. अंगात नुसती हाडं, आणि पोट सपाट. बाईंनी तिला ओसरीवर बसवलं, तेव्हा तीच बोलली. ताप आला होता. पोळ्याच्या दिवशी गेलं लेकरू. ''दिवसभर तुमचंच नाव घेत होती मी,'' ती साडूला म्हणाली. ''तुमाले लागली का जी उचकी त्या दिवशी?''

मी साडूकडं बघत होतो. आता हा पोटाचा पडदा सांगतो की काय, अशी मला भीती वाटली.

''लागली ना,'' तो म्हणाला. ''सकाळपासून लागली होती. पाणी प्यालो, साखर खाल्ली, थांबेच ना. मंग तुहं नाव घेतलं, तवा थांबली.''

''मले वाटलंच होतं,'' सुमन म्हणाली आणि मग कुठं ती मोकळी होऊन रडली. त्याला पोळ्या वाढणाऱ्या आमच्या सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, ''हो वं माय. मीच तं पाणी देल्लं त्याइले.''

आता साडूही रिटायर झाला. उजेडाच्या पुढं कुठलाच निरोप धावत नाही, हे अजूनही तो येईल त्याला पटवत असतो. मात्र मध्येच उचकी लागली की थांबतो आणि हळूच ''सुमन'' म्हणतो. आतून ती विचारते, ''काय जी?'' ''काई नाई,'' म्हणून तो पुढचं सांगायला लागतो. उचकी पुष्कळदा तशीच चालू असते.