अकरा पावलं

गावाला पाणी सोडणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरी नळाला पाणी नाही, ही गोष्ट गावाने एकोणीस वर्षं चवीने चघळली. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं चावीवाली म्हणायची. वाटायचं. भरपूर वाटायचं, आणि का वाटू नये?

चावीवाली हे तिला गावाने पाडलेलं नाव. कमरेएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ती सकाळी घरातून निघायची आणि रस्त्यांवरची झाकणं उचलून एकवीस व्हॉल्व एकेक करून उघडायची. कोणत्या व्हॉल्वला किती फेरे लागतात हे नगरपालिकेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. बाजाराचा नऊ फेऱ्यांत उघडतो, शाळेचा सात, आणि दवाखान्याजवळचा उलटा फिरतो, हे सगळं तिच्या हातांना पाठ होतं. शिकवलं सासऱ्यांनी. पाणी सोडायचं काम आधी त्यांच्याकडे होतं. मुलगा शिवणकामात रमलेला, त्याला चावी उचलायचाही कंटाळा. म्हणून त्यांनी सुनेला हाताशी घेतलं. लोक आधी हसले, मग नळाला पाणी वेळेवर येऊ लागल्यावर गप्प बसले.

सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं एक काम अर्धवट राहिलं होतं. टेकडीवरच्या, म्हणजे त्यांच्याच आळीला जाणारा मोठा व्हॉल्व त्यांनी गळती काढण्यासाठी बंद केला होता. गळती निघाली, पण व्हॉल्व उघडायच्या आत ते पडले. नेमक्या त्याच आठवड्यात बांधकाम विभागाने मुख्य रस्त्यावर डांबर ओतलं, व्हॉल्वच्या झाकणावरूनच. खाली काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. पाणी विभाग वरच्या मजल्यावर, बांधकाम विभाग खालच्या. मध्ये एक जिना आहे, पण तो एकमेकांना भेटायला वापरायची पद्धत नाही. सासऱ्यांनी पडल्यापडल्या सुनेला सांगितलं, वाचनालयाच्या खालच्या पायरीपासून पुलाच्या दिशेने सरळ अकरा पावलं, तिथे तो व्हॉल्व आहे. चार दिवसांनी ते गेले.

तिने अर्ज केला. नकाशात असा व्हॉल्वच नाही, असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. अभियंते बदलले, नकाशा तोच राहिला, आणि रस्त्यावर डांबराचे आणखी दोन थर चढले. हळूहळू एक नवीनच कारण रूढ झालं की टेकडी उंच आहे, पाणी चढत नाही. हे कारण इतक्यांदा सांगितलं गेलं की खुद्द आळीतल्या लोकांनाही ते खरं वाटू लागलं. दिवसाआड टँकर यायचा. रांगेत चावीवालीही बादल्या घेऊन उभी असायची आणि शेजारणी तिला विचारायच्या, काय गं, आज सगळं पाणी खालीच सोडून आलीस का?

मग नगरपालिकेच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आला. टेकडीवरची आळी नळयोजनेतून कायमची वगळावी आणि तिथे टँकरनेच पाणी द्यावं, असा ठराव. मांडणारा नगरसेवक माणूस वाईट नव्हता. उंचापुरा, लांब ढांगांचा. गाव त्याला शिडी म्हणायचं. खोटी आशा दाखवण्यापेक्षा टँकर तरी धड द्या, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. पण चावीवालीला त्यात वेगळंच दिसत होतं. आजवर नळ कोरडा असला तरी कागदावर होता. ठराव झाला की तो कागदावरूनही जाणार, आणि जे कागदावरच नाही त्यासाठी अर्ज तरी कसा करायचा?

सभेला तिला बोलावलं होतं ते फक्त पाणी सोडायच्या वेळा सांगायला. ती दाराशी उभी होती. वेळा सांगून झाल्या, जा म्हणाले, पण ती गेली नाही.

"साहेब, एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या आळीत दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत होतं," ती नगराध्यक्षांना म्हणाली. "टेकडी तेव्हाही एवढीच होती."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं, आणि या वेळी ते हसू तिच्यावर नव्हतं. तिने अकरा पावलांची हकीकत सांगितली. नगराध्यक्षांचा चेहरा उतरला, कारण तो रस्ता महिन्यापूर्वीच नव्याने झाला होता आणि फीत त्यांनीच कापली होती. अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: रविवारी सकाळी तिने दाखवलेल्या जागी एकच खड्डा काढायचा. व्हॉल्व सापडला तर उत्तम. नाही सापडला तर असा व्हॉल्व अस्तित्वात नाही हे तिने स्वतः लिहून द्यायचं, आणि सोमवारी ठराव मंजूर. तिने लगेच हो म्हटलं.

रविवारी वाचनालयासमोर निम्मं गाव जमलं. चावीवालीने टाचा पायरीला टेकवल्या, पुलाकडे तोंड केलं आणि अकरा पावलं मोजून खडूने फुली मारली. मजुरांनी डांबर फोडलं. खाली खडी, खडीखाली मुरूम, मुरुमाखाली माती. खड्डा कमरेइतका झाला, छातीइतका झाला. काही नाही. शिडीने नुसतं घड्याळ पाहिलं, आणि तेच तिला जास्त लागलं. एरवी साध्या दाखल्याला तीन महिने घेणाऱ्या कचेरीने तिच्या सहीचा कागद मात्र टाइप करून आणला होता. कारकुनाने पेनचं टोपणही काढून ठेवलं होतं.

तिने पेन हातात घेतलं आणि परत दिलं. अर्धा तास द्या, म्हणाली, सासूबाईंना विचारून येते. यावर जो हशा पिकला तो टेकडीच्या पायथ्यापर्यंत तिला ऐकू येत होता.

सासूबाई दारात कपडे वाळत घालत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत आणि जीभ तर तरुण.

"आई, ते अकराच म्हणाले होते ना?"

"अकराच. मी उशाशीच बसले होते." त्यांनी चिमटा दोरीला लावला. "मोजली कुणी?"

"मीच."

सासूबाईंनी सुनेच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "अगं, तुझी पावलं? लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या मागून पळतच होते. बरोबरीने एकदाही चालता आलं नाही. माझ्या चपला दे इकडे."

चावीवालीने कपाळाला हात लावला. सासरे दारातून वाकून यायचे, आणि ती स्वतः चौकटीच्या निम्म्याला जेमतेम. बाकीच्या एकवीस व्हॉल्वांची झाकणं डोळ्यांना दिसत होती, त्यामुळे पावलं मोजायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. एकोणीस वर्षं तिने तो आकडा जिवापाड जपला, आणि पाय कुणाचे हे एकदाही मनात आलं नाही. बावळट कुठली, असं ती स्वतःला म्हणाली आणि सासूबाईंना हाताला धरून उतार उतरू लागली.

खाली कारकुनाने हरकत घेतलीच. सभेने एकच खड्डा मंजूर केला आहे, दुसरा काढता येणार नाही. नगराध्यक्षांनाही ते पटल्यासारखं दिसलं. तेव्हा सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेला तरुण अभियंता, जो सकाळपासून नकाशा उलटासुलटा करून बघत होता, पुढे झाला.

"हा दुसरा खड्डा नाही," तो म्हणाला. "याच खड्ड्याची वाढ आहे. वाढीला ठराव लागत नाही."

कारकुनाला यावर नियम आठवेना. त्याने पेनाला टोपण लावलं.

तोवर सासूबाई जमलेल्या पुरुषांचे पाय न्याहाळत निघाल्या होत्या. भाजी निवडावी तशी एकेकाला बाजूला सारत त्या शिडीपुढे थांबल्या, त्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, हा चालेल. शिडी गांगरला. ठराव मांडणाऱ्यानेच व्हॉल्व शोधायचा म्हणजे काय, असं काहीतरी पुटपुटला. पण एवढ्या गर्दीत म्हातारीला नाही कोण म्हणणार? त्याने टाचा पायरीला टेकवल्या आणि चालू लागला. चौथ्या पावलाला सासूबाईंनी त्याला हाक मारली.

"परत ये. सभेला निघाल्यासारखा चालू नकोस. गावाला पाणी सुटायला उशीर झालाय, तसा चाल."

लोक हसले, तोही हसला. परत आला, बाह्या सावरल्या आणि ढांगा टाकत निघाला. अकरावं पाऊल खड्ड्याच्या चांगलं नऊ फूट पलीकडे पडलं. चावीवालीने तिथे फुली मारली.

खड्डा वाढत वाढत फुलीपर्यंत आला. डांबराचा तिसरा थर फुटला आणि पहारीचा आवाज बदलला. मजूर थांबला. त्याने हाताने माती सारली, तर खाली गोल लोखंडी कड. सासूबाई म्हणाल्या, घरी कुणीतरी असायला हवं, आणि कुणाचं न ऐकता टेकडी चढायला लागल्या.

झाकण निघालं. व्हॉल्व होता, पण गंजून आवळलेला. चावीला लांब पाइप अडकवून दोघं मिळून फिरवतो, असं मजूर म्हणाले. चावीवालीने त्यांना खड्ड्याच्या वर पिटाळलं. दांडा तुटला तर सगळंच मुसळ केरात. तिने तेल सोडलं, हलके ठोके दिले, पाव फेरा पुढे, पाव मागे, पुन्हा तेल. वर गर्दी चुळबुळत होती, ऊन चढत होतं, नगराध्यक्ष कुणाच्या तरी छत्रीत उभे होते. तासाभराने चावी कुरकुरली आणि एक पूर्ण फेरा फिरली. या व्हॉल्वचे फेरे तिला कुणी सांगितले नव्हते, म्हणून तिने मोठ्याने मोजले. सहाव्या फेऱ्याला तिने चावीच्या टोकाला कान लावला. पाइपातून पाणी धावत होतं. तिला रडू आलं, हसूही आलं, आणि तिने दोन्ही करून घेतलं, कारण खड्ड्यात कोण बघतंय? चौदाव्या फेऱ्याला व्हॉल्व पुरता उघडला.

सोमवारी काय झालं तेही सांगून टाकायला हवं. शिडीने स्वतः उभं राहून सातवा विषय मागे घेतला. त्याच्या जागी त्याने नवा ठराव मांडला की यापुढे गावातला कोणताही रस्ता, आधी चावीवालीने त्यावरून चालून झाकणं दाखवल्याशिवाय आणि सही केल्याशिवाय करू नये. एकमताने मंजूर. बावीस व्हॉल्वांचा नवा नकाशा काढायला अभियंता तिच्या मागे आठवडाभर वही घेऊन फिरला, आणि अंतरं त्याने टेपने मोजली.

पण हे सोमवारचं. रविवारी ती खड्ड्यातून वर आली तेव्हा टाळ्या वाजल्या, नगराध्यक्षांनी तिच्या चिखलाच्या हाताशी हात मिळवला. तिचं लक्ष वर टेकडीकडे होतं. ती निघाली. आळीच्या तोंडाशीच आरडाओरडा ऐकू आला. नळांतून आधी गढूळ लाल पाणी आलं होतं, मग पिवळं, आता स्वच्छ. बायका घरातलं मिळेल ते भांडं भरत होत्या, कोण अंगण धूत होतं, कोण नुसतंच बघत उभं होतं. टोमणे मारण्यात पुढे असणारी शेजारीण पुढे आली आणि तिने चावीवालीच्या खांद्यावरची चावी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

घराच्या मागच्या अंगणात सासूबाई पाटावर बसल्या होत्या. बादली भरून वाहत होती. दोन्ही पाय त्यांनी नळाखाली धरले होते आणि धो धो पाणी पायांवरून मोरीत चाललं होतं. गावात कुणाचा नळ उघडा दिसला की दारात उभी राहून घरच्यांचा उद्धार करणारी चावीवाली उंबऱ्यावर थांबली.

"पाणी वाया चाललंय गं," सासूबाई म्हणाल्या. पाय मात्र काढले नाहीत.

"जाऊ द्या, आई," ती म्हणाली, आणि चिखलाने भरलेले आपले पाय तिने त्यांच्या पायांशेजारी नळाखाली धरले.