दुसऱ्यांदा न केलेला आग्रह

हर्षाली भोर हिला कॉलेजात सगळे मॅडम म्हणत, पण पगाराच्या वेळी ती मॅडम नव्हती. तिथे ती तासिका तत्त्वावरची होती. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे घ्या आणि सुट्ट्या लागल्या की घरी बसा. नाशिकच्या एकाच कॉलेजात नऊ वर्षं तिने असं भौतिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी तिची नेमणूक नव्याने व्हायची आणि दरवर्षी इगतपुरीला तिची आई सगुणाबाई शेजारणींना सांगायची, की औंदा पोरगी पर्मनंट होनार हाय. वडील गोरक्ष रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. कायम नसलेली नोकरी ही नोकरी असते, हे त्या घराच्या गळी कधी उतरलंच नाही. हर्षालीलाही तेवढंच हवं होतं, कायमची एक खुर्ची. बाकी तिच्या मागण्या अगदी बेताच्या होत्या.

कायम व्हायचं तर पीएचडी पाहिजे, म्हणून तिने देवरे सरांना धरलं. डॉ. किशोर देवरे मूळचे सटाण्याकडचे, एका मोठ्या कॉलेजात विभागप्रमुख, बोलायला गोड. अशा माणसांबद्दल कुणाचं वाईट मत होत नाही, कारण ते कुणाचं काही उघड घेत नाहीत. त्यांनी तिला विषय दिला तो एकमेकींत मिसळत चाललेल्या दीर्घिका ओळखण्याचा. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह. त्या इतक्या लांब असतात, की दोन दीर्घिका एकमेकींच्या मिठीत शिरल्या तरी आपल्याला दिसतो तो प्रकाशाचा एकच ठिपका. फोटो काढून तिथे काही कळत नाही.

कळतं ते त्या प्रकाशाचे रंग सुटे केल्यावर. तापलेला वायू ठरावीक रंगांच्या झळझळीत रेषा देतो. त्यातली ऑक्सिजनची हिरवी रेषा हर्षालीच्या खास मर्जीतली. आलेखावर ही रेषा एका शिखरासारखी वर येते. पण त्या ठिपक्यात दोन गाभे एकमेकांभोवती फिरत असतील, एक आपल्याकडे येत आणि दुसरा लांब जात असेल, तर रेषा दुभंगते आणि एका शिखराची दोन होतात. ऐकायला सोपं आहे. दोन शिखरं दिसली की दोन दीर्घिका, असं जाहीर करून पुष्कळ विद्वान तोंडावर आपटलेत. कारण एकटीच दीर्घिका चकतीसारखी फिरत असली, तरी तिची एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते आणि शिखरं दोनच दिसतात.

इंदिरानगरातल्या भाड्याच्या खोलीत हर्षाली हे आलेख डोळ्यांनी चाळत बसायची. जगभर खुल्या ठेवलेल्या माहितीतून तिने ते हजारोंनी उतरवून घेतले होते. आधी प्रोग्राम लावून पाहिला, पण तो नुसत्या खरखरीलाही शिखर म्हणायचा. मग तिने स्वतःच बसायचं ठरवलं आणि मुलगी बघायला गेलेल्या आत्याबाईसारखी प्रत्येकीत खोड काढली. हायड्रोजनच्या रेषेतही तेवढंच अंतर आहे का? नाही, मग रद्द. दोन्ही शिखरं दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या सरासरी वेगाच्या दोन बाजूंना सारखीच बसलीत? मग ही चकती असणार, रद्द. अशी दोन वर्षं गेली. लग्नाचं विचारणारी स्थळंही त्याच काळात बंद झाली आणि तिला त्याचं फारसं वाटलं नाही, कारण हातात एक दीर्घिका उरली होती.

त्या एकीसाठी तिने हिमालयातल्या दुर्बिणीवर वेळ मागितला आणि तो मिळाला. दीर्घिकेवर एक बारीक फट आडवी धरायची आणि त्या फटीतला प्रकाश टोकापासून टोकापर्यंत तपासायचा. चकती असेल तर हिरवी रेषा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सलग कलत जाते. इथे ती कलली नव्हती. वर एक तुकडा होता, खाली एक तुकडा होता, दोघांचे वेग वेगळे होते आणि मध्ये काळोख होता. दोन गाभे. तिने सरांना फोन लावला. सर नांदगावला पुतणीच्या लग्नात होते, मागे बँड वाजत होता. त्यांनी वा वा केलं आणि उद्या बोलू म्हणाले.

पेपर तिने लिहिला, आकृत्या तिने काढल्या. नावं तेवढी घालायची राहिली. सरांच्या केबिनमध्ये चहा आला होता.

"अगं, तुझं नाव आधी घाल," सर म्हणाले. "काम तुझं आहे."

"असं कसं, सर? तुमचंच आधी."

आता हे बोलणं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं. ज्या घरात ती वाढली तिथे पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो. पोटात कावळे ओरडत असले तरी पानावर हात आडवा धरतो. यजमानाने पुन्हा म्हणायचं, मग तिसऱ्यांदा हात बाजूला सारून वाढायचं. पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरट ठरतो आणि पहिल्या नकारावर भांडं उचलून नेणारा चिक्कू. हर्षालीने असा पहिला नकार दिला होता आणि ती दुसऱ्या आग्रहाची वाट बघत होती. सरांनी चहाचा घोट घेतला, "बरं, तू म्हणतेस तर," म्हणाले आणि तिसऱ्या आकृतीतली अक्षरं मोठी कर म्हणून सांगितलं. ती आणखी जरा वेळ खुर्चीत बसून राहिली. मग घरी येऊन तिने स्वतःच्या हाताने सरांचं नाव पहिलं टाइप केलं, खाली आपलं आणि त्याखाली दुर्बिणीवर मदत केलेल्या दोघांचं.

पेपर गाजला. जिथे तिथे त्याचा उल्लेख व्हायचा तो 'देवरे व इतर' असा. दोन वर्षं डोळे फोडून हर्षाली 'इतर' झाली.

मग पीएचडी झाली आणि एकदाची कायमच्या जागेची मुलाखत आली. समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून देवरे सरच होते, आणि हर्षालीला वाटलं, आता आपलं झालं. अध्यक्षांनी पेपर उलटापालटा केला आणि हे काम सरांचंच ना, असं विचारलं. पहिल्या नावाला गुण भरपूर होते, दुसऱ्याला नावापुरते. हर्षालीने सरांकडे पाहिलं. एक वाक्य हवं होतं.

"आमचं सगळ्यांचं मिळून काम आहे," सर हसून म्हणाले.

हे खोटं नव्हतं, आणि तिला तेच जास्त लागलं. खोटं बोलले असते तर निदान भांडता आलं असतं. जागा दुसऱ्याला मिळाली, ज्याचे पेपर कुणी वाचत नाही पण ज्याचं नाव प्रत्येकावर पहिलं आहे. सगुणाबाईने शेजारणींना काय सांगितलं ते हर्षालीने विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्या कामाबद्दल सरांना मोठा मान मिळाला आणि त्यांच्या गावाने सत्कार ठेवला. न जाण्याइतकं धैर्य हर्षालीत नव्हतं. सरांच्या म्हाताऱ्या आईचा हट्ट म्हणून पंगत मांडली होती, खापरावर पुरणाचे मांडे करायला बायका बसल्या होत्या आणि सत्कारमूर्ती स्वतः वाढत फिरत होते. ते तिच्या पानापाशी आले.

"घे, अर्धा तरी घे."

तिने पानावर हात आडवा धरला आणि पोट भरलं म्हणाली.

"काही भरलेलं नाही. लाजतेस काय?"

"खरंच नको, सर."

"माझ्यासाठी घे. अर्धाच."

तिने मान वर केली. "सर, पहिल्या नावाच्या वेळी तुम्ही एकदाच म्हणालात."

सरांचा हात थांबला. त्यांना काही समजलं नसतं तर तिने माफही केलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, की त्यांना सगळं आठवतंय. तिचा नकार वरवरचा आहे, हे त्यांना त्या दिवशीही कळलं होतं.

"तू नको म्हणालीस ना," ते हळूच म्हणाले. तिचा हात बाजूला सारून त्यांनी अर्धा मांडा पानात घातला आणि शेजारच्या पाहुण्यांकडे वळले.

संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण भरल्या पंगतीतून मधेच उठायचं नाही आणि पानात टाकायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. तिने मांडा मोडला, त्यावर दूध-तूप घेतलं आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.